अर्धा आणि तिसरा हिस्सा मिळून दोन पंचमांश का होत नाहीत, हे मुलांना कोणीतरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी हर्णैजवळच्या एका गावात राहते आणि घरच्या पडवीत पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. सोळा वर्षं झाली आता. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय. विषय भिन्नछेद, म्हणजे खालचा आकडा (छेद) वेगवेगळा असलेल्या, अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीचा आहे, कोणाला वाटेल ही काय पेपरात लिहायची गोष्ट, पण दरवर्षी मी बघतेय, चांगली हुशार मुलं नेमकी इथेच अडकतात, आणि एकदा इथे भीती बसली की ती पुढे गुणोत्तर, टक्केवारी, बीजगणित सगळीकडे त्यांच्या मागे फिरते. मग घरातले म्हणतात, आमच्याकडे गणित कोणालाच जमत नाही.

झालं असं की पहिल्या घटक चाचणीचे पेपर मिळाले आणि सहावीतली एक मुलगी संध्याकाळी तिचा पेपर घेऊन आली. वडील बोटीवर खलाशी, आई बंदरावर मासे विकते, आणि हिचा तोंडी हिशोब असा की सुट्ट्या पैशात मला कधी फसवता येणार नाही. तर पेपरात होतं १/२ + १/३. तिने लिहिलं २/५. वर लाल पेनाने एवढी मोठी फुली, बाजूला लिहिलेलं "लसावि काढा", म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य काढा, बस. तिने मला विचारलं, काकू, लसावि मला काढता येतो, सहा येतो, पण तो काढायचा कशाला? एक आणि एक दोन, दोन आणि तीन पाच, हे चुकलं कुठे?

हा प्रश्न खरा आहे हो. आणि मी पण कित्येक वर्षं "आधी छेद सारखे करायचे" एवढंच सांगून पुढे जात होते, कारण मलाही शाळेत तेवढंच सांगितलं होतं.

मी तिला एवढंच विचारलं, की तुझं उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं आहे की लहान? ती जरा थांबली. पाचाचं अर्धं अडीच, तिच्याकडे आहेत दोन, म्हणजे लहान. मग मी म्हटलं, तुझ्याकडे अर्धी भाकरी होती, मी तुला आणखी तुकडा दिला, आणि आता तुझ्याकडे अर्ध्या भाकरीपेक्षा कमी आहे, हे कसं? तिने पेपर उलटा करून ठेवला आणि एकदम गप्प बसली, पण ते गप्प बसणं वेगळं होतं, विचार करणारं होतं.

बरं मुलं हे २/५ आणतात कुठून, याचा मी बराच विचार केला आणि मला वाटतं आपणच शिकवतो त्यांना. त्याच पेपरवर वर बघा ना. पहिल्या भागाला ७/१०, दुसऱ्या भागाला १२/२०, आणि खाली एकूण १९/३०. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले! मुलं हे पहिलीपासून बघतायत, स्वतःच्या प्रगतीपुस्तकात बघतायत. आणि मार्कांसाठी ते बरोबरच आहे, कारण तिथे दहाचा एक भाग आणि वीसचा दुसरा भाग मिळून तीसचा मोठा पेपर झालाय, म्हणजे पूर्ण वस्तूच बदललीय. पण अपूर्णांकांची बेरीज म्हणतो तेव्हा पूर्ण एकच असतो, तीच एक भाकरी, तोच एक लिटर. ७/१० आणि १२/२० यांची खरी बेरीज २६/२० येते, म्हणजे एकापेक्षा जास्त, तीसपैकी तीसपेक्षा जास्त मार्क कोणाला पडतात का? हा फरक मुलांना कोणी सांगतच नाही. त्यांची चूक वेडेपणाची नाहीये, ते दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर लिहितायत. तिथे नुसती फुली मारली की मुलाला वाटतं गणिताला काही नियमच नाही, सरांच्या मनात येईल ते बरोबर.

मग मी आंब्यावर आले, इथे त्याच्याशिवाय कोणाचं चालत नाही. पाच डझन आणि चार आंबे मिळून किती? सगळी पोरं एका सुरात "चौसष्ट". नऊ का नाही म्हणालात? तर सगळी हसायला लागली, काकू डझन वेगळा आणि नग वेगळा, डझनाचे आधी नग करायला लागतात. बस, हेच तर आहे. छेद म्हणजे तुकड्याचं नाव आहे, डझन, नग तसं. २ लिहिलं खाली म्हणजे हा अर्धा या जातीचा तुकडा, ३ लिहिलं म्हणजे तिसरा हिस्सा या जातीचा तुकडा, आणि वरचा अंश सांगतो असे तुकडे किती. एक अर्धा आणि एक तिसरा हिस्सा मिळून दोन तुकडे झाले हे खरं, पण दोन काय? त्याला नावच नाही. आधी दोघांना एका जातीत आणायला हवं. आणि ते आणताना मूळ वस्तू तीळभरही वाढता कामा नये की कमी होता कामा नये, इथे सममूल्य, म्हणजे दिसायला वेगळे पण किमतीने सारखे, अपूर्णांक लागतात. पुस्तकात सममूल्य अपूर्णांक आधी येतात आणि बेरीज नंतर येते ती याचसाठी, पण शिकवताना ते दोन वेगळे धडे होऊन बसतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हे मुलांच्या कानावर जातच नाही.

खरं तर आपल्या भाषेत हे आधीपासून आहे. तिसरी-चौथीतल्या मुलाला दुकानात पाठवा, पाव किलो साखर आणि वरून अर्धा किलो आणखी सांगितली तर तो पाऊण किलोचे पैसे मोजून देतो, त्याला लसावि कोणी शिकवलेला नसतो. त्याला माहीत असतं की अर्धा म्हणजे दोन पाव, आणि दोन पाव नि एक पाव तीन पाव, म्हणजे पाऊण. १/२ चे २/४ त्याने डोक्यात केलेसुद्धा! सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, हे सगळं आपल्या तोंडात आहे, जुनी माणसं तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढेच पाठ करायची. गाडं अडतं ते तिसऱ्या हिश्श्यावर, पाचव्या-सातव्या हिश्श्यावर, कारण त्याला पाव-पाऊण सारखा घरातला शब्द नाही, एक तृतीयांश हा पुस्तकातला शब्द, तो कधी दुकानात ऐकलेला नसतो. म्हणून माझं म्हणणं आहे की सुरुवात पाव-अर्धा-पाऊणपासून करा आणि तिथून तिसऱ्या हिश्श्याकडे जा.

मी काय करते ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर बरंच आहे. आपल्याच पेपरच्या रद्दीतून एकसारख्या लांब पट्ट्या कापायच्या, प्रत्येकाला एक. मधोमध घडी घालून एक बाजू खडूने रंगवायची, झाला १/२. तीच पट्टी परत दुमडायची, उघडली की चार भाग, रंगवलेले दोन. आणखी एकदा दुमडली, आठ भाग, रंगवलेले चार. आता विचारायचं, रंग वाढला का? नाही. मग एकाचे चार कसे झाले? एक मुलगा पटकन म्हणाला, काकू रंग तेवढाच आहे, नुसत्या रेघा वाढल्या. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते फळ्यावर लिहूनच ठेवलंय. १/२, २/४, ४/८, रंग तेवढाच, रेघा वाढल्या. अंशाला नि छेदाला एकाच संख्येने गुणायचं म्हणजे काय तर रेघा मारून प्रत्येक तुकड्याचे तेवढे सारखे भाग करायचे, तुकडे जितके पट वाढले तितके पट बारीक झाले. ४/४ ने गुणलं म्हणजे एकाने गुणलं, एकाने गुणून कोणाचं काय बदलतंय? पण हे हातात पट्टी घेऊन बघितल्याशिवाय पोरांना पटत नाही, आणि पटलं नाही तर दोन महिन्यांनी कोणी फक्त छेदालाच गुणतं आणि अंश विसरून जातं.

मग त्या मुलीची बेरीज. बाहेर पाऊस धो धो, लाईट गेलेली, डब्यात मे महिन्यातली आंब्याची साठं, म्हणजे रस वाळवून केलेल्या पोळ्या, होती, एकाच चौकोनी ट्रेमध्ये घातलेली, म्हणजे आकाराने सारखी. दोन काढली. सुरीला जरा तूप लावलं, नाहीतर साठ चिकटतं. एकाचा बरोब्बर अर्धा कापला, दुसऱ्याचा तिसरा हिस्सा कापला, आणि दोन्ही तुकडे ताटात शेजारी ठेवले. हे मिळून किती? दोन तुकडे. पण एक मोठा एक लहान. तिला म्हटलं, आता तू असं काप की सगळे तुकडे सारखे होतील, एक कणही टाकायचा नाही. तिने आधी अर्ध्याचे दोन केले, तिसऱ्याशी जुळेना. मग तिसऱ्याकडे बघितलं, अर्ध्याकडे बघितलं, आणि अर्ध्याचे तीन केले, तिसऱ्याचे दोन केले. एकाची पट्टी उचलून दुसऱ्यावर ठेवून बघितली, कडेला कड जुळली. मोजल्या, तीन आणि दोन, पाच. पाच काय? पूर्ण साठात अशा किती बसतील ते तिने बोटाने मोजलं, सहा. "सहावे हिस्से पाच," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "म्हणजे लसावि सहा हा सुरीचा नंबर आहे, कितीत कापायचं त्याचा." असं मला सोळा वर्षांत सुचलं नव्हतं.

आणि इथे अजून एक गंमत झाली ती सांगायलाच हवी. शेजारचे आबा रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसतात, ऐंशी कधीच ओलांडली. ते सगळं ऐकत होते. ते मुलीला म्हणाले, काय गो बाय, एवढं कापाकापी कशाला, अर्धा म्हणजे आठ आणे, तिसरा हिस्सा म्हणजे पाच आणे चार पै, झाले तेरा आणे चार पै. पोरं बघतच राहिली. मग त्यांनी समजावलं, रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर झाले, पण आबा त्याआधी शाळेत होते. आमच्या कोकणात जमिनीच्या जुन्या कागदात भावाभावांचे हिस्से अजून आणे-पैमध्ये सापडतात, त्यामुळे आबांना ते विसरायला वावच नव्हता.

आम्ही लगेच फळ्यावर घेतलं. तेरा आणे चार पै म्हणजे १३ गुणिले १२, अधिक ४, एकूण १६० पै. १९२ पैकी १६०. दोन्हींना ३२ ने भागा, ५/६. साठाचं उत्तर आणि आबांचं उत्तर एकच! मुलीने उठून टाळ्या वाजवल्या. आणि मला त्या दिवशी कळलं की जुन्या लोकांनी रुपयाचे असे विचित्र वाटणारे भाग का पाडले असतील, १९२ ला दोनाने भाग जातो, तिनाने जातो, चाराने, सहाने, आठाने, बाराने, सोळाने, सगळ्याने जातो, कुठलाही नेहमीचा हिस्सा काढा, पै मोडायला लागत नाही. शंभर पैशांचा तिसरा हिस्सा काढायला घ्या, तेहतीस पैसे आणि वर काहीतरी उरतंच. डझनाचंही तसंच, बारा आंब्यांचा अर्धा, तिसरा, चौथा, सहावा हिस्सा सगळे अख्ख्या आंब्यांत येतात. म्हणजे समच्छेद करणं, छेद सारखे करणं, हे आपल्या बाजारात, आपल्या नाण्यांत होतंच, शाळेने ते परकं करून टाकलंय.

आता तक्रार. इथल्या काही क्लासमध्ये आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत मुलांना फुलपाखराची ट्रिक शिकवतात, तिरका गुणाकार करा, दोन पंख काढा, खाली छेदांचा गुणाकार, झालं उत्तर. उत्तर बरोबर येतं, मी नाही म्हणत नाही. पण मुलाला विचारा तिरकंच का गुणलं, तर माहीत नाही. तीन अपूर्णांक द्या, १/२ + १/३ + १/४, तर फुलपाखरू कुठे बसवायचं तेच कळत नाही आणि मूल हात टेकतं, खरं तर बारावे हिस्से केले की सहा, चार आणि तीन मिळून १३/१२, इतकं सोपं आहे. वर ते तिरकं गुणणं डोक्यात असं बसतं की मुलं गुणाकाराच्या गणितातही तिरकं गुणायला लागतात. माझ्याकडे यंदा चार मुलं अशी आलीत, चौघांनाही ती ट्रिक आधी विसरायला लावावी लागली, आणि विसरायला लावणं हे शिकवण्यापेक्षा कठीण असतं हे कोणत्याही मास्तरला विचारा.

ही रीत वाईट आहे असंही नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत समच्छेद करायची रीत दिलीय, समच्छेद हा शब्दसुद्धा तिथे आहे, छेदाला ते हर म्हणतात. एकमेकांच्या हरांनी दोघांचेही अंश आणि हर गुणा म्हणजे समच्छेद झाले. फुलपाखराच्या आत हेच दडलंय, पण भास्कराचार्य सांगतात की अंश आणि हर दोन्ही गुणा, म्हणजे प्रत्येक अपूर्णांकाचा सममूल्य अपूर्णांक डोळ्यासमोर लिहिला जातो, व्हिडिओत तो मधला भागच गिळून टाकलेला असतो. आणि त्याच श्लोकात पुढे, शहाण्याने हरांना आधी सामाईक अवयवाने भागून घ्यावं आणि मग गुणावं, म्हणजे आकडे लहान राहतात. हाच आपला लसावि. बघा, पावणेनऊशे वर्षांपूर्वी दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या होत्या.

यावरून एक. १/४ + १/६ मध्ये एका मुलाने छेद २४ केला, ६/२४ + ४/२४, १०/२४ आणलं. लसावि १२ काढला नाही म्हणून त्याचे मार्क कापले. हे मला अजिबात पटलं नाही. १०/२४ आणि ५/१२ एकच आहेत, सममूल्य आहेत, हेच तर आपण शिकवतोय ना? संक्षिप्त रूप दे म्हणून सांगा, हवं तर त्याचा अर्धा मार्क ठेवा, पण त्याने केलेलं चूक आहे असं लिहू नका. सुरी त्याने जरा बारीक चालवली एवढंच.

वजाबाकीचं थोडक्यात लिहिते, कारण गोष्ट तीच आहे, पण चूक तिथे लवकर पकडता येते. गणपतीच्या मोदकांसाठी ५/६ किलो गूळ आणला, ३/४ किलो लागला, उरला किती? एका मुलाने लिहिलं २/२. आणि मग मी काही बोलायच्या आतच त्याने वहीवर हात ठेवला, म्हणाला थांबा थांबा, २/२ म्हणजे पूर्ण एक किलो, आणलेल्यापेक्षा जास्त उरला! खोडून बारावे हिस्से केले, १०/१२ वजा ९/१२, १/१२ उरला. मला त्या खोडण्याचा जास्त आनंद झाला. उत्तर येण्याआधी अंदाज बांधायची सवय, एवढी एकच गोष्ट लावली तरी अर्ध्या चुका मुलं स्वतः पकडतात.

मिश्र संख्यांत मात्र एक खड्डा आहे, सव्वातीनातून एक पूर्णांक दोन तृतीयांश वजा करताना ३/१२ मधून ८/१२ जात नाहीत, मग तिनातून एक उसना घ्यायचा, आणि इथे मुलं सवयीने दहा घेतात, ३/१२ मधल्या ३ चे १३ करतात, कारण उसना म्हणजे दहा असंच दुसरीपासून पाठ आहे. इथे एक पूर्ण मोडला की बारा बारावे हिस्से मिळतात, १२ आणि ३ पंधरा, पंधरातून आठ गेले सात, उत्तर एक पूर्णांक ७/१२. साठ कितीत कापलंय तेवढे तुकडे एका साठाचे, हे त्या मुलीने बाकीच्यांना समजावलं, मला बोलावंच लागलं नाही.

शाळेतल्या सर-बाईंना माझी हात जोडून विनंती आहे, त्यांच्यावर किती कामं असतात ते मी बघते, कधी सर्वेक्षण, कधी ऑनलाईन माहिती, त्यातून शिकवायचं, मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण पाचवीत बेरजेला हात घालण्याआधी आठ दिवस फक्त सममूल्य अपूर्णांक घ्या, पट्ट्या दुमडू द्या, आणि "लसावि काढा" लिहिताना शेजारी एकच प्रश्न लिहा, उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं हवं की लहान? आणि पालकांनी मुलांना पाव-अर्ध्याच्या खरेदीला पाठवावं, सगळं पॅकेटमध्ये आलंय आता, पाव किलो सुटं मागायची वेळच मुलांवर येत नाही.

संपादकसाहेब, शनिवारच्या पानावर चार ओळींची जागा दिलीत तर मी दर आठवड्याला असं एक घरातलं गणित लिहून पाठवीन, मानधन काही नको. पहिलं आजच देते, पोरांनी आजी-आजोबांच्या शेजारी बसून करावं: वाडीतल्या एका सामायिक बागेत थोरल्या भावाचा हिस्सा चार आणे, त्याने चुलत्याचा हिस्सा, म्हणजे पूर्ण बागेचा सहावा भाग, विकत घेतला, तर आता त्याचे किती आणे, किती पै, आणि अपूर्णांकात किती? आबांनी तोंडी सांगितलंय, पण मी इथे लिहीत नाही.

आपली,
पडवीत शिकवण्या घेणारी एक वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी